घागरीवरचं नाव

आधीच सांगून ठेवते, मले त्या मोबाईलवरच्या लिलावाचं कौतुक कधीच नव्हतं. सून म्हने, "आई, लोक जुन्या पितळेसाठी जीव टाकतात." मी म्हनो, टाकू दे बापा, आमी तं स्टीलसाठी जीव टाकला होता. पितळ घासू घासू आमचे हात फाटले, म्हनून ते माळ्यावर फेकलं अन् स्टील घरात आनलं. आता बेंगलोरच्या बाया तेच पितळ बैठकीत मांडतात. कोनी तं त्यात झाडं लावते. झाडं! बुडाले भोक पाडून! ऐकलं तवा माहं टकुरं फिरलं होतं.

पन त्यातून घरात वरचे पैसे येत होते, हे खोटं कसं म्हनू? आमी बेल्याचे, आदिलाबादकडचे. पोरगा अमरदीप मंडल आफिसात, म्हनजे तहसिलीत, कारकून हाय, सून प्रगती शाळेत शिकवते. दोघायच्या पगारात घर चाले, पन ओढाताननं. मंग प्रगतीनं हे काढलं. लखन भंगारवाला इचोडा, बोथ, सारी खेडी फिरून जुनं पितळ जमा करे अन् आमच्या अंगनात पोतं आनून टाके. "देखो अम्मा, एकदम पुराना माल," म्हने. मी ते चिंच अन् राख लावून घासो. मंग ते बुढ्याकडे जाये. बुढा म्हनजे माहा नवरा, दौलत. आदिलाबादले कापसाच्या जिनिंगमधे मोटरी दुरुस्त करन्यात त्याची उमर गेली. त्यानं जुन्या कूलरची मोटर काढून तिले कपड्याचं चाक बसवलं, अन् मागच्या पडवीत पॉलिशचं दुकान मांडलं. मोटर सुरू झाली का गल्लीच्या तोंडापर्यंत घूंऽऽ ऐकू येई.

भांडं चमकलं का प्रगती बाजेवर पांढरी चादर टाके अन् फोटो काढे. मंग ते ॲपवर चढे. आठवडाभर लोक बोली लावत, अन् आइतवारी संध्याकाळी लिलाव बंद होये. त्या टायमाले सारं घर मोबाईलभोवती. एकदा माह्या बरोबरीच्या परातीले तिनं "शंभर वर्सं जुनी" लिवलं. मी म्हनलं, अवं, मले पन चढव ना मंग चादरीवर, कोनी घेते का पाहू. बुढाही मिशीत जरासा हासला होता.

आता नावायचं सांगते. आमच्याकडे लग्नात भांडं देलं का त्यावर नाव घालतातच, कोनाकडून अन् कोनाले. भांड्याच्या दुकानात ते यंत्र असते, पेनावानी. टर्र टर्र करत ठिपक्यायनं अक्षरं उठवते. लखनच्या पोत्यातल्या भांड्यायवर अशी किती तरी नावं येत. सुरुवातीले आमी तशीच इकली. मंग एका गिऱ्हाइकानं भांडं वापस पाठवलं. म्हने, दुसऱ्याचं नाव हाय, चोरीचा माल वाटते. वरून ॲपवर वाईट लिवून टाकलं. प्रगती लय रडली. तवापासून ठरलं, आधी नाव घासाचं, मंग फोटो काढाचा.

ते काम बुढ्याचं. त्याच्या डोळ्यायत मोतीबिंदू पिकलेला, अक्षर म्हनून दिसत नाई. आपरेशन कर म्हनलं का उन्हाळा जाऊ दे म्हनते, उन्हाळा गेला का कापूस होऊ दे म्हनते. तो भांड्यावरून अंगठा फिरवे, जिथं खरबड लागलं तिथं नाव. ते चाकाले लावलं का गेलं. मले ते बरं नाई वाटे. मी म्हनो, "कोनाची ना कोनाची पोरगी असन ते."

बुढा म्हने, "भांडं हाय ते, पंचफुला. पोरगी नाई."

आमच्या घरात पोरगी हा शब्द निंगाला का पुढं कोनी बोलत नसे. कारन आमाले होती एक. वृषाली. अमरदीपच्या पाठची. इचोड्याले देली होती. जावई हर्षदीपचं रस्त्यावर टायरचं दुकान, सासू रेणुकाबाई जीव लावनारी बाई. पोरगी सुखात होती. मंग पावसाळ्यात डेंगूचा ताप आला. नागपूरले नेता नेता गाडीतच गेली. माह्याच मांडीवर डोकं होतं तिचं. लग्नाची हळद अजून साड्यायले होती, बाई.

तिच्या आंदनात सारं स्टील देलं होतं, पन बुढा अडून बसला का एक पितळेची घागर पाह्यजेच. आदिलाबादले दुकानात आमी दोघं गेलो होतो. त्या नाव घालनाऱ्याच्या डोक्यावर बुढा उभाच. "खोल घाल, बापू. वरवर नको घालू. तिच्या नातीलेही वाचता आलं पाह्यजे." तो पोरगा चिडला, म्हने, काका, भोक पडन. बुढा म्हने, पडलं तं दुसरी घेतो. मंग त्यानं दाबू दाबू घातलं, "चि. वृषालीस, आई-बाबांकडून, बेला." बुढा तिथंच अंगठा फिरवून पाहे अन् हासे.

पोरगी गेल्यावर माहा भाऊ चंपतराव म्हने, आंदन वापस घेऊन चाल, तशी रीत हाय. मी सामानाजवळ गेली बी होती. रेणुकाबाईनं माहा हात धरला. म्हने, "सारं न्या, इहिनबाई. पन घागर राहू द्या. पोरीचं नाव घरात राहू द्या." मी घागर ठेवली तिथंच.

त्या एका गोष्टीवर मी जगत होती, खरं सांगते. बुढ्यानं तं तवापासून तिचं नाव तोंडातून काढलं नाई. फोटोही पेटीत घालून टाकला. पन मी सकाळी नळावर जाये तवा मनात म्हनो, इचोड्याले आता कोनी तरी घागर भरत असन. माह्या पोरीचं नाव कोनाच्या तरी कंबरेवर बसून घरात जात असन. पुढं जावयानं दुसरं लग्न केलं, तरी मले त्याचा राग नाई आला. जवान मानूस हाय, केलं. घागर हाय ना तिथं, म्हनो.

अन् कापूस वेचनीच्या दिवसात लखननं ते पोतं आनलं.

बुढा चहाच्या टपरीवर गेलता, पोरगा-सून कामावर. मी अंगनात पोतं उलटं केलं. एक परात, दोन बटलोया, काईबाई. अन् एक घागर, काळीठिक्कर. मी चिंच लावून गळ्यापासून घासत आली. पोटावर हात गेला तं खरबड लागलं. लागू दे, नाव असन कोनाचं, म्हनलं. जरा पानी मारलं. आधी "बेला" दिसलं. मले गंमत वाटली, अवं, आपल्याच गावची हाय! आनखी घासलं. "आई-बाबांकडून" निंगालं. तवा माहा हात थांबला. पुढचं मले घासाचं नव्हतं. पन हात कुठं ऐकते? घासत गेली, अन् एक एक अक्षर वर येत गेलं, अन् माही पोरगी राखेतून माह्याकडे पाहून राह्यली होती.

 रडू नाई आलं, आला तो राग. रेणुकाबाई! हात धरून म्हनली होती ना? नाव घरात राहू द्या म्हने! अन् भंगारात? किलोवर तोलून? माह्या पोरीले?

बुढ्याले सांगाचं काई डोक्यात नाई आलं. सांगतलं असतं तं तो तिथंच कोसळला असता, असं वाटलं. मी घागर पुसली, जुन्या लुगड्यात गुंडाळली, अन् धान्याच्या कोठीमागं सरकवून देली. तेवढ्यात बुढा आला. आदिलाबादच्या बयनाबाईची तब्येत बरी नाई, पाहून येते असं खोटंच सांगतलं अन् इचोड्याले निंगाली. बायकायले बस फुकट हाय आमच्याकडे, आधार दाखवलं का झालं. आदिलाबादले बस बदलली. सारा रस्ता मी मनातल्या मनात रेणुकाबाईले शिव्या घालत होती, अन् कोनती आधी देऊ हे ठरवत होती.

दारातूनच सुरू केलं मी. "काऊन वो इहिनबाई! चहापत्ती आनाले पैसे नव्हते का घरात? मले सांगतलं असतं, मी मनिऑर्डर केली असती! माही पोरगी भंगारात घातली तुमी!"

रेणुकाबाई तुरी निवडत होती. सूप तसंच हातात राह्यलं. 

"बोला ना आता! तवा तं लय गोड बोलल्या होत्या!"

आतून एक पोरगी आली. बारीकशी, पोट पुढं आलेलं. पाचवा-सहावा महिना असन. स्टीलच्या गिलासात पानी आनलं माह्यासाठी, अन् गिलास ठेवून खाली मान घालून आत निंगून गेली. मी समजली, ही दुसरी.

"बसा, इहिनबाई," रेणुकाबाई म्हनली. "शिव्या द्याच्या तं द्या. पन बसून द्या."

मी बसली. मंग ती हळूहळू सांगत गेली. आवाज आत जाऊ नये म्हनून अगदी बारीक बोले.

म्हने, घागर रोज भरत होती आमी. ही नवी आली, तीच भरे. कोनाचं नाव हाय ते तिले मालूम होतं, काई म्हनत नव्हती बिचारी. पन नळावरच्या बाया! कोन्या तरी अवदसेनं घागरीवरचं वाचून एक दिवस तिले हाक मारली, वृषाली, सरक जरा. मजाक. दुसरीनं मारली. मंग सवयच पडली. लेकरं बी वृषालीकाकू म्हनत. ही घरी येऊन काई सांगे नाई. एक दिवस हर्षदीपच्याच तोंडून निंगून गेलं, वृषाली, टावेल दे. चुकून. त्यानं मुद्दाम नाई केलं, इहिनबाई. त्या रात्री पोरगी जेवली नाई.

"सकाळी मी पाह्यलं तं न्हानीत बसलेली," रेणुकाबाई म्हनली. "रेती घेऊन घागर घासून राह्यली होती. नाव काढून राह्यली होती. तिचे बोटं सोलले, रक्त आलं, पन नाव जाईना. लय खोल घातलं होतं तुमच्या मालकानं. मले पाह्यलं अन् भेली. म्हने, मी भांडं घासून राह्यली, आई. अन् लागली रडाले."

रेणुकाबाईनं पदर तोंडाले लावला.

"तुमच्याकडे आनून द्याची हिंमत नाई झाली. काय तोंड दाखवू? लखन दारात आला, देऊन टाकली. इहिनबाई, मेलेल्या पोरीसाठी जित्या पोरीले किती रडवू? तुमीच सांगा."

 इतक्या शिव्या तयार होत्या, एक नाई निंगाली. मी पानी पेली. मंग म्हनलं, "घागर माह्याच अंगनात येऊन पडली."

तिनं माह्याकडे पाह्यलं. "खरं?"

"खरं. मीच घासली."

ती ढसाढसा रडाले लागली. "बरं झालं माय. आपल्या घरी गेली पोरगी." मंग मी पन रडली. पोरगी गेली त्या दिवशी रडलो होतो, तसंच दोघी एकमेकीच्या गळ्यात पडून रडलो. जाता जाता मी आत डोकावली. ती पोरगी चुलीजवळ भितीले टेकून उभी होती. मी तिले नाव इचारलं. "सपना," म्हने. मी म्हनलं, "सपना, गूळ-शेंगदाने खात जाय. अन् नळावर कोनी दुसऱ्या नावानं हाक मारली तं ओ देऊ नको. माह्या पोरीचं नाव हाय ते, मी घेऊन गेली." ती पाया पडाले वाकली तं मी धरली तिले, पोटुशी हाय म्हनून.

बसमधे खिडकीजवळ जागा भेटली. किती तरी दिवसायनं छाती हलकी वाटली. मी सारं ठरवून टाकलं. घागर इकाची नाई. पान्याच्या ओट्यावर ठेवाची, नाव समोर करून. बुढ्याचा हात धरून अंगठा त्यावर ठेवाचा, अन् म्हनाचं, ओळखा. रडन, तं रडू द्याचं. एकदाचं त्याच्या तोंडातून नाव तं निंगन! नाव घरी आलं होतं आमच्या. यापरीस जास्त मले काई नव्हतं पाह्यजे, बाई, खरंच काई नव्हतं पाह्यजे.

गल्लीच्या तोंडाशी आली तं मोटरीचा आवाज येत होता. रोजच येते. मी चालत राह्यली. अंगनात पाय टाकला अन् मोटर बंद झाली. बुढा पडवीतून बाहेर आला. तोंडावर, मिशीवर काळी भुकटी, अन् कानापर्यंत हासू.

"पंचफुला! ये, पाह्य!"

त्याच्या हातात घागर होती. उन्हात धरली त्यानं. सोन्यावानी चमकत होती.

"टपरीवर लखन म्हने, घागर हाय पोत्यात. मी हात फिरवला, तं नाईच. सारं घर धुंडलं. मंग कोठीमागं सापडली, लुगड्यात. तुले वाटलं असन, याचं नाव लय खोल हाय, बुढ्याच्यानं होत नाई, म्हनून बाजूले टाकली. हाव ना? अवं, मी कायले हाव मंग?" त्यानं घागरीच्या पोटावरून अंगठा फिरवला. "सारी दुपार गेली. चाकाचं कापड दोनदा बदललं. कोन्या बापानं घातलं होतं कोन जाने, असं खोल म्या कोनत्याच भांड्यावर पाह्यलं नाई. पन घालवलं! हात लावून पाह्य, काई लागते का?"

मी हात लावला. काई नाई लागलं. जिथं नाव होतं तिथं पितळ जरासं बसलं होतं, एवढंच.

 जरा तोंड उघडलं असतं तं साऱ्या बेल्याले किंकाळी ऐकू गेली असती. मी बुढ्याकडे पाह्यलं. तो माह्याच तोंडाकडे पाहून राह्यला होता, त्या पिकलेल्या डोळ्यायनं, शाबासकीची वाट पाहत. पोरगी गेल्यापासून असा हासला नव्हता तो. या हातानं घासलं ते नाव कोनाचं होतं, हे त्याले सांगू? कसं सांगू? सांगून तो जगला असता का?

"मस्त झाली," मी म्हनलं. "तोंड धुवा आता. चहा मांडते."

चुलीजवळ गेली अन् धूर नसताना डोळे पुसत बसली.

प्रगती शाळेतून आल्यावर मी तिले बाजूले घेतलं. "घागरीचा आधीचा फोटो हाय का गं मोबाईलात? नावासकट?"

"नाही आई. पॉलिश झाल्यावरच काढतो ना आपण. का? काय झालं?"

"काई नाई," म्हनलं. ती आमच्या घरात आली तवा वृषाली नव्हती. प्रगतीनं माह्या पोरीले पाह्यलंच नाई, सुनेले काय सांगू? घागर इकू नको म्हनली असती तं बुढ्यानं इचारलं असतं, काऊन? सगळ्यात चांगलं काम मी केलं, अन् तेच ठेवून घेता? मंग मी आड आली नाई. चादरीवर घागर चढली. बुढा रोज संध्याकाळी इचारे, "माह्या घागरीले काय बोली आली?" दुसऱ्या कोनत्या भांड्याले त्यानं कधी माहं म्हनलं नव्हतं.

आइतवारी एक पुन्याचा अन् एक कोचीनचा मानूस घागरीवर भिडले. मोबाईल सारखा टिंग टिंग वाजे, अन् टिंग झालं का बुढा मांडीवर थाप मारे. "अजून वाढली? कोन वाढला?" अमरदीप हासे, प्रगती हासे. मी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पुन्याच्या मानसानं घेतली शेवटी. आतापर्यंतची सगळ्यात मोठी बोली, असं प्रगती म्हनली, अन् बुढ्यानं जिनिंगमधे शिटी वाजवत तशी शिटी वाजवली.

दुसऱ्या दिवशी कुरियरवाला येनार होता. बांधाबांध मीच करते म्हनलं. बुढा टेपची रीळ घेऊन जवळ बसला. मी घागरीत कागद भरले. मंग त्या बसलेल्या जागेवर मी हात ठेवला, अन् वरून जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला. तेच लुगडं, कोठीमागचं. पुन्याले कोनाले काय समजनार हाय?

"पंचफुला," बुढा एकदम म्हनला.

"काय?"

 टेपच्या रिळीवर अंगठा फिरवत राह्यला. मंग म्हने, "वृषालीले आपन अशीच घागर देली होती ना?"

इतक्या वर्सायनं. त्याच्या तोंडातून.

"हो," म्हनलं. "अशीच."

"असन ना ती? इचोड्याले?"

माह्या हातात ती होती. कागदायनं भरलेली, लुगड्यात गुंडाळलेली, माह्या मांडीवर.

"असन म्हनजे?" मी म्हनलं. "हायच ना. रेणुकाबाई रोज तिच्यातच पानी भरते."

"अन् नाव?"

"नाव कुठं जाते? तुमीच खोल घातलं होतं ना."

बुढ्यानं मान हलवली. मंग रिळीवर नखानं टेपचं टोक शोधलं, अन् माह्या हातात देलं.